धांवत धांवत पुणें-दर्शन

ज्या शहरांत आपण राहतों तें शहर आपणांस बहुधा ठाऊक नसतें. परगांवचा पाहुणा दोन दिवसांत शनिवारवाडा पाहून जातो. आणि त्याच वाड्यावरून रोज शाळेस येणाऱ्या विद्यार्थ्यास 'त्याचा मुख्य दरवाजा कोणत्या दिशेस आहे?' असें विचारल्यास तो डोकें खाजवूं लागतो. रिक्षांत किंवा बसमध्यें बसलेल्या मनुष्यास शहर दिसत नाहीं. फक्त गर्दी दिसते. सकाळच्या तासा-दीड तासांत बरेंच पाहावयाचें व शरीरासही व्यायाम घडवावयाचा, तर मंद गतीनें धांवत जाणें हा एक चांगला उपाय आहे. म्हणून चार-पांच किलोमीटरांचा एक मार्ग विद्यार्थ्यांकरितां येथें देत आहें.

प्रथम दोन-तीन नियम. रहदारी सुरू होण्यापूर्वीं, उजाडतांच निघावें. शेजाऱ्याशीं बोलतां येईल इतक्याच वेगानें धांवावें. दम लागून बोलणें खुंटलें कीं चालूं लागावें. चौक धांवत ओलांडूं नये. जो मुलगा सर्वांत मंद, त्यास पुढें ठेवावें, म्हणजे कोणी मागें राहत नाहीं. इतक्या सकाळीं वास्तूंचीं दारें बंद असतात. म्हणून आपण बाहेरूनच पाहावयाचें. पण या मार्गावर दारांकडेच विशेष लक्ष द्यावें, असें मी सांगेन.

आरंभ शनिवारवाड्याच्या उत्तरेकडील दिल्ली दरवाज्यापासून करावा. थोरल्या बाजीरावांनीं या वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला. दरवाज्याच्या फळ्यांवर अणकुचीदार लोखंडी खिळे आहेत. हत्तीनें धडक देऊन दार फोडूं नये, म्हणून ही योजना. बाहेरच्या शत्रूसाठीं एवढा बंदोबस्त. परंतु ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो वाड्याच्या आंत, आणि पहाऱ्यास ठेवलेल्या गारद्यांच्याच हातून! पुढें १८२८ सालीं आग लागून आंतील लांकडी महाल भस्म झाले. तट आणि दरवाजे तेवढे उरले.

तेथून हाकेच्या अंतरावर लाल महाल. एप्रिल १६६३ मध्यें शिवाजी महाराजांनीं येथेंच रात्रीं शिरून शायिस्ताखानाचीं बोटें छाटलीं. आज दिसते ती इमारत मात्र महानगरपालिकेनें अलीकडे बांधलेली आहे. मूळ वाडा केव्हांच नाहींसा झाला. जवळच ग्रामदैवत कसबा गणपतीचें देऊळ आहे. या कसब्याभोंवतींच जुनें पुणें वाढलें.

आतां दक्षिणेकडे वळून बुधवार पेठेंत यावें. येथें भिडेवाडा होता. १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं या वाड्यांत मुलींची शाळा उघडली. मिशनच्या मुलींच्या शाळा त्यापूर्वींही होत्या. परंतु एतद्देशीयांनीं स्वतः काढलेली ही पहिली म्हणून गणली जाते. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले होते, आणि त्या वेळच्या अहमदनगरास सिंथिया फॅरार बाईंची मुलींची शाळा पाहून त्यांस या कामाची प्रेरणा मिळाली.

येथें मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. मुलांना घेऊन मी या मोडकळीस आलेल्या वाड्यावरून कितीदां तरी गेलों. 'आज उशीर झाला आहे, पुढल्या खेपेस थांबूं,' असें प्रत्येक वेळीं म्हणालों. डिसेंबर २०२३ मध्यें, राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठीं, तो वाडा पाडण्यांत आला. ज्या उंबरठ्यावरून त्या पहिल्या मुली आंत गेल्या, तो मीं माझ्या विद्यार्थ्यांना दाखविला नाहीं, तो नाहींच.

पुढें विश्रामबाग वाड्याचा कोरीव लांकडी सज्जा पाहावा. हा दुसऱ्या बाजीरावाचा राहण्याचा वाडा. पेशवाई गेल्यावर १८२१ सालीं येथें संस्कृत पाठशाळा निघाली, आणि तिच्यापासूनच पुढें डेक्कन कॉलेज वाढलें. तुळशीबागेच्या राममंदिराचें उंच शिखर डोळे भरून पाहून मंडईशीं यावें. अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत १८८६ सालीं 'रे मार्केट' या नांवानें उघडली. नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीरावांनीं हिच्यावरील खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें म्हणणें होतें. आज तिलाच महात्मा फुले मंडई म्हणतात!

येथून गुरुवार पेठेंत पंचहौदाशीं जावें. १८८५ सालचें पवित्र नाम देवालय व त्याचा निराळा उभा असलेला घंटांचा मनोरा येथें आहे. १८९० सालीं येथील मिशनच्या एका समारंभास न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक आदि मंडळी आली असतां चहा पुढें ठेवण्यांत आला. हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापलीं गेलीं, आणि एका पेल्यावरून माजलेला वाद शंकराचार्यांपर्यंत पोंचला. आज चहाच्या टपरीवर कोण कोणाशेजारीं उभा आहे हें कोणी विचारीत नाहीं. तेथवर यावयास किती त्रास पडला, हें येथें आठवावें.

नंतर गंज पेठेंतील फुले वाडा. १८६८ सालीं जोतीरावांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. धांवून तहान लागलेली असतां येथें उभें राहावें. पाणी नाकारणें म्हणजे काय, हें त्या वेळीं पुस्तकावांचून कळतें.

शेवट क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चपाशीं करावा. पेशव्यांच्या फौजेंतील पोर्तुगीज व गोमंतकीय ख्रिस्ती शिपायांना उपासनेसाठीं ही जागा सवाई माधवरावांनीं दिली, आणि १७९२ च्या नाताळांत येथें पहिली उपासना झाली. परधर्मीयांस ही जागा एका ब्राह्मण पेशव्यानें दिली, हें आपण ख्रिस्ती लोकांनीं विसरतां कामा नये.

मुलांनो, आरंभीं पाहिलेला दरवाजा खिळ्यांनीं भरलेला होता. तरी तो घरधन्यास वांचवूं शकला नाहीं. शाळा, हौद व देवालय हीं मात्र दुसऱ्यांसाठीं उघडलीं, म्हणून त्यांची आठवण राहिली. पौल प्रेषितानें ख्रिस्ती जीवनास धांवेची उपमा दिली आहे. त्या धांवेंत आपण कोणतीं दारें उघडलीं, याचाही हिशेब होईल.

पालकांस एवढीच विनंती, कीं एखाद्या सुटीच्या सकाळीं मुलांबरोबर आपणही निघावें. धांववत नसेल तर चालावें. परंतु 'पुढल्या खेपेस' असें म्हणूं नये.