थंडीच्या दिवसांसाठी सफरचंदाचे गरम मसालेदार पेय

मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास आपल्या राज्यात थंडीचा कडाका वाढतो. निफाडसारख्या भागात तर काही रात्री पारा फार खाली उतरतो. नेमके याच दिवसांत गहू व हरभरा या पिकांना पाणी द्यावयाचे असते, आणि अनेक ठिकाणी विजेच्या वेळापत्रकामुळे हे काम रात्रीच करावे लागते. अशा वेळी शेतकरी चहावर चहा घेतो. रात्रीच्या चहाने झोप उडते व भूकही मरते. चहाला पर्याय म्हणून घरच्या घरी करता येण्यासारखे एक गरम पेय म्हणजे मसाले घालून उकळलेला सफरचंदाचा रस. ते कसे करावे, त्यात कोणती काळजी घ्यावी आणि ती का घ्यावी, याची माहिती या पाठात दिली आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना महिला मंडळात किंवा बचत गटात याचे प्रात्यक्षिक सहज करून दाखविता येईल.

हे पेय मूळचे कोठले?

सफरचंद पिकविणाऱ्या थंड मुलखांत हे पेय फार जुने आहे. इंग्लंड व अमेरिका या देशांत हिवाळ्यात दालचिनी, लवंग, जायफळ घालून सफरचंदाचा रस गरम करून पितात. त्याला ते लोक ‘सायडर’ म्हणतात. या शब्दाने घोटाळा होऊ नये. इंग्लंडमध्ये ‘सायडर’ म्हणजे आंबवलेला, मद्यार्क असलेला रस. अमेरिकेत मात्र याच शब्दाने न आंबवलेला, न गाळलेला गढूळ रस ओळखला जातो. आपण येथे विचार करीत आहोत तो न आंबवलेल्या रसाचा.

आपल्या देशात सफरचंदाचे पीक प्रामुख्याने काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथे होते. हिमाचलातील कोटगढ येथे सॅम्युअल (पुढे सत्यानंद) स्टोक्स यांनी इ. स. १९१६ मध्ये अमेरिकेतून आणलेल्या ‘डेलिशस’ जातीच्या कलमांची लागवड केली, आणि तेथील शेतकऱ्यांचे अर्थकारणच पालटले. या जातींना फळ धरण्यासाठी हिवाळ्यात ७ अंश सेल्सियसखालील सुमारे एक हजार तासांची थंडी लागते. म्हणून त्या आपल्याकडे होत नाहीत. बिलासपूर जिल्ह्यातील शेतकरी हरिमन शर्मा यांनी निवडलेली ‘एचआरएमएन-९९’ ही कमी थंडीत फळणारी जात महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी लावून पाहिली आहे. तथापि आपल्या बाजारात येणारे बहुतेक सफरचंद उत्तरेकडूनच येते.

फळ बाहेरचे असले तरी या पेयातील बाकीचे साहित्य मात्र आपल्या घरचे आहे. आले व गूळ तर आपल्याकडे मुबलक. दालचिनी व जायफळ कोकणात नारळाच्या बागेत आंतरपीक म्हणून उत्तम येतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दालचिनीची ‘कोकण तेज’ व जायफळाची ‘कोकण सुगंधा’ अशा जाती त्यासाठी प्रसारित केल्या आहेत.

फळांची निवड

या पेयासाठी पहिल्या प्रतीचे महागडे फळ लागत नाही. आकाराने लहान, रंगाने फिके किंवा किंचित सुरकुतलेले फळ चालते. बाजारात सामान्यतः मिळणारे ‘रॉयल डेलिशस’ गोड असते, पण त्यात आंबटपणा कमी असतो. म्हणून त्याच्या रसात लिंबू पिळावे लागते. थोडी आंबट फळे मिळाल्यास ती गोड फळांत मिसळावीत, म्हणजे चव अधिक खुलते.

स्वस्त फळ घेताना मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. मार लागलेले फळ व सडलेले फळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुढीलप्रमाणे फळांचे तीन ढीग करावेत:

१. अखंड फळे. ही निर्धास्त वापरावीत.

२. मार लागलेली फळे. साल शाबूत आहे, आत तपकिरी डाग आहे, परंतु बुरशी वा आंबूस वास नाही. अशा फळाचा डाग भोवतालच्या चांगल्या गरासह सढळ हाताने कापून टाकावा व उरलेला भाग त्याच दिवशी वापरावा.

३. निळसर-हिरवी बुरशी आलेली, पाणी सुटलेली किंवा गाभ्यात काळी पडलेली फळे. ही पूर्णपणे टाकून द्यावीत. ती जनावरांनाही घालू नयेत.

तिसऱ्या ढिगाविषयी इतका आग्रह का? सफरचंदावर वाढणारी निळी बुरशी ‘पॅट्युलिन’ नावाचे विष तयार करते. हे विष उकळल्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. मसाल्याच्या वासाने सडका वास झाकला जातो, विष मात्र तसेच राहते. सफरचंदाच्या रसात एका किलोग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक पॅट्युलिन असू नये, अशी आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा आहे. ते डोळ्यांनी दिसत नाही व घरी मोजताही येत नाही. म्हणून सडके फळ बाजूला काढणे हाच घरगुती उपाय होय.

साहित्य

सुमारे आठ पेल्यांसाठी (प्रत्येकी १५० मिलिलिटर):

सफरचंदे १ किलो, पाणी सव्वा लिटर, दालचिनीचे बोटाच्या पेराएवढे दोन तुकडे, लवंगा ४, वेलदोडे २, आले १० ग्रॅम, जायफळाची पूड चिमूटभर, गूळ ४० ते ५० ग्रॅम, अर्ध्या लिंबाचा रस, चवीपुरते मीठ.

दालचिनी घेताना ती पारखून घ्यावी. खरी दालचिनी पातळ, ठिसूळ व अनेक पदरांची असते. जाड, कठीण व एकेरी वळणाची साल बहुधा ‘कॅसिया’ची असते. तिच्यात ‘कुमारिन’ हे द्रव्य अधिक असून ते वारंवार व मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास यकृताला अपायकारक ठरते. जायफळही चिमटीपेक्षा अधिक घालू नये. ते जास्त झाल्यास मळमळ व भोवळ येते.

भांडी

सफरचंदाचा रस आम्लधर्मी असतो. कल्हई नसलेल्या पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तो उकळल्यास धातू रसात उतरतो व पेय कळकते. ॲल्युमिनियमच्या भांड्यालाही आम्लाने खड्डे पडतात. लोखंडी कढईत रस काळपट होतो. म्हणून स्टेनलेस स्टीलचे जाड बुडाचे पातेले व त्यावर बसणारे झाकण घ्यावे. रस गाळण्यासाठी स्वच्छ धुऊन उकळलेले पातळ सुती फडके असावे.

कृती

१. फळे वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवावीत. पुष्कळ फळांवर चकाकीसाठी मेणाचा थर दिलेला असतो. तो निघण्यासाठी कोमट पाणी वापरावे.

२. फळांच्या फोडी करून देठ, गाभा व बिया काढून टाकाव्यात. बियांत कडू द्रव्य असते व बी चिरडल्यास त्यातून अल्प प्रमाणात विषारी अंश सुटतो. साल काढू नये. रंग व सुवास बव्हंशी सालीतच असतो.

३. फोडी चिरताच पाण्यात टाकाव्यात. कापलेले सफरचंद हवेतील प्राणवायूमुळे तपकिरी पडते. पाण्यात लिंबाचे काही थेंब टाकल्यास ही क्रिया मंदावते.

४. फोडी व पाणी पातेल्यात घालून उकळी आणावी. नंतर आंच मंद करून झाकण ठेवून सुमारे अर्धा तास शिजू द्यावे. फोडी पळीने सहज मोडल्या म्हणजे त्या शिजल्या असे समजावे.

५. शिजलेला लगदा फडक्यात बांधून पातेल्यावर टांगावा व रस आपोआप गळू द्यावा. घाईने पिळल्यास रस गढूळ होतो. त्यात अपाय काहीच नाही, फक्त साका खाली बसतो. या रीतीने सुमारे सव्वा लिटर रस मिळतो.

६. दालचिनी, लवंगा, वेलदोडे व ठेचलेले आले यांची सैल पुरचुंडी बांधून ती रसात सोडावी. रसाला पुन्हा एक चांगली उकळी आणावी व झाकण ठेवून मंद आंचेवर १५ मिनिटे ठेवावे.

७. पुरचुंडी काढून टाकावी. गूळ, मीठ व जायफळ घालून ढवळावे. गूळ विरघळला की पातेले खाली उतरवून लिंबू पिळावे व पेय गरम असतानाच द्यावे.

मसाले पूड करून का घालू नयेत व १५ मिनिटांनी का काढावेत, असा प्रश्न प्रात्यक्षिकात हमखास विचारला जातो. मसाल्याचा सुवास त्यातील उडून जाणाऱ्या तेलांत असतो. ती तेले थोड्याच वेळात रसात उतरतात. त्यापुढे उकळत ठेवल्यास ती वाफेबरोबर निघून जातात आणि दालचिनी-लवंगेतील तुरट अंश तेवढे रसात उतरतात. पूड घातल्यास ती गाळता येत नाही व पेय कडवट होते. झाकण ठेवण्याचे कारणही हेच.

उरलेला लगदा फेकू नये. त्यात निम्मा गूळ घालून आटवल्यास पोळीबरोबर खाण्यास चांगला साखरांब्यासारखा पदार्थ होतो. रस काढल्याने फळातील चोथा वेगळा होतो, तो या मार्गाने पुन्हा पोटात जातो.

उकळी का चुकवू नये?

काही घरांत यंत्रावर सफरचंदाचा कच्चा रस काढून तो नुसता कोमट करून देतात. ही पद्धत धोक्याची आहे. आंबट रसात रोगजंतू टिकत नाहीत असा पूर्वी समज होता. इ. स. १९९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात न तापवलेल्या सफरचंदाच्या रसामुळे २३ माणसे आजारी पडली. त्या रसातून ‘ई. कोलाय’ या जंतूची एक घातक जात पोटात गेली होती. इ. स. १९९६ मध्ये त्याच देशाच्या पश्चिम भागात अशाच रसामुळे पुन्हा साथ उद्भवली व तीत एका बालकाचा मृत्यू झाला. हे जंतू गुरांच्या आतड्यात राहतात. झाडाखाली पडलेल्या फळाला शेण लागले, किंवा ते मळक्या पाण्यात धुतले गेले, की ते फळावर येतात. आपल्याकडे तर गोठा व स्वयंपाकघर पुष्कळदा एकाच अंगणात असतात. म्हणून फळे नीट धुणे व रसाला पूर्ण उकळी आणणे या दोन गोष्टींत कधीही सवलत घेऊ नये.

साठवण

हे पेय लागेल तेवढेच करावे. शेतावर न्यावयाचे असल्यास थर्मास प्रथम उकळत्या पाण्याने विसळून तापवावा, त्यात पेय कढत असतानाच काठोकाठ भरावे व त्याच रात्री संपवावे. घरी उरलेले पेय दोन तासांच्या आत शीतपेटीत ठेवावे, तीन दिवसांत संपवावे व पिण्यापूर्वी पुन्हा उकळावे. शीतपेटी नसल्यास दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. ठेवलेला रस हवेतील किण्वामुळे आंबतो, त्यावर फेस येतो व वायू सुटतो. घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत असा रस राहिल्यास बाटली फुटून इजा होण्याचा संभव असतो.

कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये

या पेयाने सर्दी-पडसे बरे होते असे कोणी सांगितल्यास त्यावर विसंबू नये. गरम पेयाने घशाला आराम वाटतो व अंगात ऊब येते, इतकेच. ताप वा खोकला टिकून राहिल्यास डॉक्टरांकडे जावे. या पेयातील साखर फळातून व गुळातून अशी दोन्हींकडून येते. म्हणून मधुमेही व्यक्तींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते घेऊ नये, आणि इतरांनीही दिवसाकाठी एका पेल्यावर समाधान मानावे. गुळाऐवजी मध घातल्यास ते पेय एक वर्षाखालील बालकाला मुळीच देऊ नये.

परदेशांत काही लोक या पेयात मद्य मिसळतात. त्याचे अनुकरण सर्वस्वी टाळावे. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे अंगाला ऊब आल्यासारखी वाटते, परंतु शरीरातील उष्णता उलट बाहेर जाते. थंडीच्या रात्री ओल्या बांधावर, विजेच्या मोटारीजवळ काम करणाऱ्या माणसाला अशी फसवी ऊब व हरपलेले भान जिवावर बेतू शकते.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

प्रात्यक्षिकाला सुमारे दीड तास लागतो. आरंभी तिन्ही प्रकारची फळे समोर ठेवून त्यांचे ढीग उपस्थित भगिनींकडूनच करून घ्यावेत. नुसत्या सांगण्यापेक्षा हे अधिक लक्षात राहते. रस शिजत असताना बुरशी, भांडी व उकळी यांविषयीची माहिती द्यावी. एका वाटीत १५ मिनिटे व दुसऱ्या वाटीत एक तास मसाला उकळलेला रस चाखावयास दिल्यास फरक आपोआप पटतो. त्यासाठी दुसरा नमुना घरूनच तयार करून न्यावा. शेवटी आपल्या बाजारातील त्या आठवड्याच्या भावाने फळे, मसाले, गूळ व जळण यांचा हिशेब मांडून एका पेल्याचा खर्च सर्वांसमक्ष काढावा.

जत्रेत वा आठवडे बाजारात हे पेय विकण्याचा विचार बचत गट करीत असेल, तर अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये आधी नोंदणी करून घ्यावी. विक्रीसाठी स्वस्त फळ घेण्याचा मोह अधिक होतो. तेव्हा फळांची निवड गटातील एकाच जबाबदार भगिनीकडे सोपवावी आणि तिने बाजूला काढलेले फळ कोणीही परत पातेल्यात टाकू नये, असा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.