तोंडाची तपासणी : फोन, प्रकाश आणि थोडे गणित

कॅडेट मित्रांनो, सैन्यदलाच्या वैद्यकीय तपासणीत दातांनाही गुण असतात हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. वरच्या-खालच्या दातांची जोडी नीट मिळत असेल तर पुढचे दात, सुळे आणि उपदाढा यांना प्रत्येकी १ गुण, दाढांना २. अक्कलदाढा पूर्ण आलेल्या असतील तर बेरीज २२ होते आणि पास व्हायला किमान १४ लागतात. मी गणित शिकवतो, त्यामुळे हा हिशेब मला आवडतो. पण दात बावीसच्या बावीस गुणांचे असले तरी गालाच्या आतली कातडी, जीभ आणि हिरड्या यांबद्दल तो काहीच सांगत नाही. आणि आपल्या देशात खरा धोका तिथेच आहे.

भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. कारण शोधायला लांब जायला नको. चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा, नुसती सुपारीसुद्धा. माझी आजी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची आणि रोज सकाळी ती दातांना लावायची. गावात तेव्हा याला व्यसन म्हणत नसत, दात घासणे म्हणत. हा रोग बहुधा अचानक येत नाही. आधी पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो, किंवा तोंड उघडणे हळूहळू कमी होते. तेव्हाच कोणी पाहिले तर उपचार सोपे असतात. केरळात १९९६ ते २००४ या काळात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी हजारो लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली. तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांत या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. मग अडचण कुठे आहे? खेड्यापाड्यांत तोंड उघडून पाहणारा जाणकार माणूस मिळत नाही.

या अडचणीवर काम झाले ते आपल्याच बेंगळुरूत. बायोकॉन फाउंडेशन, केएलई संस्थेचे दंत महाविद्यालय आणि होसूर रोडवर बोम्मसंद्रला असलेले मजुमदार शॉ कर्करोग केंद्र यांनी मोबाइल फोन हाताशी घेतला. आरोग्य कार्यकर्तीने घरोघर जायचे, माहिती भरायची, तोंडाचा फोटो काढायचा आणि तो तज्ज्ञाकडे पाठवायचा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३,४४० लोक होते. त्यांतले २,००० खेड्यांत घरी तपासलेले, १,४४० कामाच्या ठिकाणी. कामाच्या ठिकाणी तपासणारे दंतवैद्य होते आणि त्यांचे निदान तज्ज्ञांशी चांगले जुळले. कार्यकर्त्यांचे तितके जुळले नाही. यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. चट्टा ओळखायला नजर तयार व्हावी लागते आणि ती चार दिवसांच्या शिबिरात होत नाही.

म्हणून पुढची पायरी आली : नजर संगणकाला शिकवायची. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या प्रकाशशास्त्रज्ञांनी फोनला जोडायचे उपकरण केले आणि बेंगळुरूच्या डॉक्टरांनी ते रुग्णांवर वापरून पाहिले. त्याची युक्ती भौतिकशास्त्राच्या तासाला सांगण्याजोगी आहे. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश तोंडात टाकला की निरोगी त्वचेखालचे कोलॅजेन मंद हिरवे चमकते. पेशी बिघडू लागल्या की ती चमक जाते आणि तिथे काळा डाग दिसतो. पण साधी सूज असली तरी डाग दिसू शकतो, म्हणून त्याच जागेचा पांढऱ्या प्रकाशातला फोटोही घेतात. दोन्ही चित्रे मिळून संगणकातल्या न्यूरल नेटवर्कला दाखवतात.

नेटवर्क शिकते कसे? प्रत्येक चित्राला तज्ज्ञाने आधीच ‘संशयित’ किंवा ‘संशयित नाही’ असे नाव दिलेले असते. नेटवर्क उत्तर देते, चुकते, आतले आकडे थोडे बदलते आणि पुन्हा उत्तर देते. चित्रे थोडी असल्यामुळे आधी इतर लाखो सामान्य छायाचित्रांवर तयार झालेले नेटवर्क घेतात आणि तोंडाची चित्रे फिरवून, उलटी करून त्यांची संख्या वाढवतात. पाढे येणाऱ्या मुलाला त्रैराशिक लवकर येते, तसेच हे.

२०१८ मध्ये या गटाने आकडे प्रसिद्ध केले. अचूकता ८६.९ टक्के. संशयित तोंडांपैकी ८५ टक्के ओळखली, निर्दोष तोंडांपैकी ८८.७ टक्के निर्दोष म्हणून सोडली. वर्गात हे सांगितले की मुले म्हणतात, “सर, म्हणजे यंत्राने ‘संशयित’ म्हटले की ८५ टक्के खात्री!” इथेच वही काढायची.

समजा, एका गावात १,००० लोक तपासले आणि त्यांतल्या २० जणांनाच खरोखर चट्टा आहे. यंत्र २० पैकी १७ पकडेल, ३ सुटतील. उरलेल्या ९८० निर्दोषांपैकी ११.३ टक्के, म्हणजे सुमारे १११ जणांनाही ते ‘संशयित’ म्हणेल. एकूण इशारे १२८, त्यांत खरे १७. म्हणजे यंत्राने बोट दाखवलेल्या माणसाला चट्टा असण्याची शक्यता फक्त १३ टक्के! यंत्र बिघडलेले नाही. निर्दोष माणसेच इतकी जास्त आहेत की त्यांतला थोडा हिस्साही मोठा होतो.

हा आकडा ऐकून काही जण यंत्रच मोडीत काढतात. मला ते पटत नाही. रात्री पहाऱ्यावरचा जवान “थांब, कोण आहे?” असे ज्यांना विचारतो, त्यांतले बहुतेक आपलेच असतात. पहारेकऱ्याने थांबवायचे असते, निवाडा करायचा नसतो. इथेही यंत्राने १,००० मधून १२८ बाजूला काढले, तर दंतवैद्याला १२८ तोंडे पाहावी लागतील. मग खरोखर शंका असलेल्या थोड्यांचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. कर्करोग आहे की नाही ते तिथेच ठरते. यंत्राला डॉक्टरच्या खुर्चीत बसवले, तर मात्र हेच १३ टक्के घराघरांत विनाकारण धास्ती पसरवतील.

आता तुमच्यासाठी गणित. तेच यंत्र, माणसेही १,०००, पण सगळे वर्षानुवर्षे गुटखा खाणारे आणि त्यांतल्या २०० जणांना चट्टा आहे. ‘संशयित’ म्हटलेला माणूस खरोखर संशयित असण्याची शक्यता आता किती? ते काढून झाले की यंत्राच्या हातून सुटलेले किती तेही लिहा, आणि त्यांना पुन्हा तपासणीला बोलवायचे तर कधी व कसे, यावर चार ओळी. वही सोमवारी आणा.