रिकामा रांजण

शास्त्रपाठ : याकोबाचे पत्र 2:14–26, प्रेषितांची कृत्ये 9:36–42.

याकोबाचे पत्र लहान आहे, परंतु ते वाचताना मन अस्वस्थ होते. कारण तुम्ही काय मानता, एवढेच विचारून याकोब थांबत नाही. तुम्ही काय करता, हेही तो विचारतो. त्याचा दाखला साधा आहे. कोणा भगिनीपाशी वस्त्र नाही, त्या दिवसाचे अन्नही नाही; आणि आपण तिला ऊब व तृप्ती लाभो असा आशीर्वाद देऊन वाटेस लावतो. शब्द प्रेमळ आहेत, इच्छाही चांगली असेल. तथापि ती आली तशीच उपाशी परत जाते.

कोणी म्हणेल, तारण कर्मांनी नव्हे तर कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, असे पौल शिकवितो. मग याकोब त्याच्या विरुद्ध बोलतो काय? नाही. इफिसकरांस पत्राचा 2रा अध्याय पाहा. 8व्या व 9व्या ओवीत कृपेविषयी सांगून पौल 10व्या ओवीत लगेच सत्कृत्यांकडे वळतो. वठलेल्या झाडाला आंबे बांधले म्हणून ते जिवंत होत नाही; पण जे झाड वर्षानुवर्षे मोहरतच नाही, त्याच्या मुळांविषयी शेतकऱ्याला शंका येते. पौल पहिली चूक दाखवितो, याकोब दुसरी.

यापो येथील टबीथा, म्हणजे दुर्कस, हिचे उदाहरण घ्या. तिच्या तोंडचा एकही शब्द शास्त्रात नमूद नाही. ती मरण पावली व पेत्र आला, तेव्हा विधवा रडत त्याच्याजवळ उभ्या राहिल्या आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे त्यांनी त्याला दाखविली. तीच तिची साक्ष.

आपल्या पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडात गेल्या. त्या शास्त्रे जाणणाऱ्या विदुषी होत्या. वादाने त्यांना जिंकणे सोपे नव्हते. लंडनातील फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करीत असलेल्या त्यांनी पाहिल्या. ह्या स्त्रियांविषयी ख्रिस्ती लोकांना इतका कळवळा का, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. हा क्रम ध्यानात घ्या : आधी कृती दिसली, मग प्रश्न उठला, आणि मग वचनाला अंतःकरणात जागा मिळाली. पुढे 1896–97 च्या दुष्काळात ह्याच रमाबाईंनी मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुलींना व स्त्रियांना आश्रय दिला.

आता मी माझा अपराध कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक वृद्ध विधवा तापाने पडली होती. मी तिच्या उशाशी बसून वचन वाचले, लांब प्रार्थना केली आणि निघालो. दारातच शेजारची बाई घागर घेऊन आली. ती आपल्या मंडळीची नव्हती. ती म्हणाली, "साहेब, म्हातारीच्या रांजणात सकाळपासून पाण्याचा थेंब नाही." त्या रांजणाजवळच मी अर्धा तास बसलो होतो! प्रार्थना व्यर्थ गेली असे मी म्हणत नाही. परंतु तहान त्या शेजारणीने भागविली. याकोबाच्या दाखल्यातील मनुष्य मीच होतो. मी लाजून दुसरी घागर उचलली व विहिरीवर गेलो. तेव्हापासून आजाऱ्याच्या घरी पुस्तक उघडण्यापूर्वी मी रांजणाकडे आणि चुलीकडे पाहतो.

प्रियहो, ह्या कामास फार पैसा लागत नाही. कोणाला दवाखान्यात पोहोचवावयाचे असते, कोणाच्या पेरणीस बैलजोडी द्यावयाची असते, कोणा अबोला धरलेल्या भावाच्या घरी आधी आपणच पाऊल टाकावयाचे असते. ते गाजावाजा न करता करावे, म्हणजे गौरव प्रभूला मिळेल.

मननासाठी प्रश्न :
1. ह्या आठवड्यात आपण कोणाला केवळ शब्द देऊन परत पाठविले?
2. दुर्कसेप्रमाणे आपल्यामागे लोक काय दाखवितील?
3. आपल्या शेजारी कोणाचा रांजण रिकामा आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सभेत देऊ नये. उठून जावे व पाहावे.