शेततळ्यातले शेवाळ आणि मोरचुदाचा हिशेब

आंबे बहार धरलेल्या मोसंबीला जानेवारीपासून पाणी सुरू झाले, की वाटूर शिवारातल्या शेततळ्यांची पातळी उतरू लागते. ऊन चढते, पाणी कोमट होते आणि ठिबकच्या जाळी फिल्टरवर हिरवा लगदा बसायला लागतो. अशा वेळी पहिला हात जातो तो मोरचुदाकडे. तो शेवटी जावा, असे माझे मत आहे. शेवाळ वाढते ते पाण्यात आलेल्या खतावर. पावसात मातीबरोबर वाहून आलेले स्फुरद, काठावर बांधलेल्या जनावरांचे शेण, तळाचा गाळ, हे त्याचे खाद्य. मोरचुदाने शेवाळ मरते, पण कुजताना तेच स्फुरद पाण्याला परत देते, आणि त्यावर पुढचे पीक उभे राहते.

शिवाय सगळे शेवाळ एका जातीचे नसते. मूठभर हातात घेऊन पाहावे. केसांसारखे लांब, बुळबुळीत धागे असतील तर ते स्पायरोगायरासारखे. बांबूला गुंडाळून ओढले तरी निघते. हाताला खरखरीत आणि वासाला लसणासारखे लागले तर कारा. ते तळाशी वाढते, फुटव्हॉल्व्हला अडत नसेल तर राहू द्यावे. काहीच हाती न येता पाणीच हिरवे दिसले तर सूक्ष्म शेवाळ. वाऱ्याने एका कोपऱ्यात लोटलेली, रंग सांडल्यासारखी साय मात्र धोक्याची. ती निळ्या-हिरव्या शेवाळाची असते आणि विषारी असू शकते. ते पाणी जनावरांना पाजू नये. तिथे मोरचूद टाकला तर पेशी फुटून विष पाण्यात उतरते.

मोरचूद स्वस्त आहे, दोन दिवसांत फरक दिसतो, हे खरेच. पण हिशेब मांडून पाहा. ३० बाय ३० बाय ३ मीटरचे, एकास एक उताराचे तळे भरलेले असेल तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी असते. हजार लिटरला १ ग्रॅम धरले तर २.२ किलो मोरचूद लागेल. मे महिन्यात मीटरभर पाणी उरले, की ते जेमतेम सव्वासहा लाख लिटर. सवयीने तेवढेच टाकले तर मात्रा साडेतीनपट होते आणि मासे जातात. उलट आपल्याकडच्या जड पाण्यात मोरचुदातले तांबे लवकर निवळते, गुण येत नाही, म्हणून हात आणखी सैल सुटतो. टाकायचाच असेल तर उरलेले पाणी मोजून, धागे आधी काढून, एका वेळी अर्ध्याच तळ्यात टाकावा. एकदम मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू खाते. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात ते त्यामुळेच.

हिरवे पाणी म्हणजे माशांचे खाद्य, असे मत्स्यपालक म्हणतील. बरोबर आहे, पण प्रमाणात. कोपरापर्यंत हात बुडवून तळवा दिसेनासा झाला तर खाद्य जास्त झाले; बाहेरून खत-शेण टाकणे थांबवावे. ठिबकसाठी फुटव्हॉल्व्ह ड्रमला बांधून पाण्याखाली दीड-दोन फुटांवर तरंगता ठेवावा, म्हणजे वरची साय आणि तळचा गाळ दोन्ही टळतात; जाळीआधी वाळूचा फिल्टर असावा. उजेड अडवायला तळ्यावर शेडनेट टाकणे महाग पडते, हा आक्षेप रास्त आहे. पण ते उजेडाबरोबर बाष्पीभवनही अडवते, आणि मे महिन्यात मोसंबीला त्या पाण्याची किंमत वेगळी असते. काढलेले शेवाळ काठावर टाकू नये, पहिल्या पावसात ते परत आत जाते. लांबच्या खड्ड्यात कुजवावे. तळे आटले की गाळही शेतात पसरावा. प्लास्टिकच्या तळ्यात मात्र लोखंडी फावडे उतरवू नये, घमेल्याने हलक्या हाताने भरावा.