चावलं तर आईला सांग

पूर्णगड

चि. बायोस,


परवा धाकटी आत्या आली ती तुझ्या पुस्तकाची बातमी घेऊनच. मुलांसाठी लिहिलंयस, घर आपलंच, कुत्राही आपल्याच घरात शोभेलसा. ऐकून बरं वाटलं. मग म्हणाली, त्यातला मुलगा किल्ल्याखाली सापडलेलं पिल्लू घरी आणतो, ते त्याच्या पोटरीला चावतं आणि तो शेवटपर्यंत कुणाला सांगत नाही. वर हीच म्हणे त्याची मर्दुमकी! आत्या पाचाचे पन्नास करते हे तुलाही ठाऊक आहे. पण खरं असेल, तर ते पान छापू नकोस.

अगं, रेबीज पिल्लालाही होतो. एकदा लक्षणं दिसली की डॉक्टरच्या हाती जवळपास काही उरत नाही. म्हणून जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिखट नाही, चुना नाही. पाश्चरने 1885 साली कुत्रा चावलेल्या जोसेफ माइस्टरला रेबीजची लस दिली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला आली होती. पोर गप्प बसलं तर आईने काय करावं?

‘गोष्टच आहे ती, काका’ असं म्हणू नकोस. गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकाने शिवाजी महाराजांच्या वाघ्या कुत्र्याला घराघरांत नेलं, 1936 मध्ये रायगडावर त्याचा पुतळा उभा राहिला. इतिहासात असा कुत्रा नाही म्हणून 2011 मध्ये काहींनी तो काढला, तर पुन्हा बसवावा लागला. जाणती माणसं इतकी गुंततात, तर तिसरीतलं पोर तुझं पुस्तक खोटं कसं मानेल?

आमच्या टिप्या कुत्र्याची गोष्ट तुझ्या बाबाने सांगितली असेल, पण अर्धीच. भाकरीचा तुकडा ओढताना त्याचा दात माझ्या मांडीला लागला. मी चड्डी खाली ओढून घेतली आणि गप्प राहिलो. सांगितलं तर पोटात चौदा इंजेक्शनं आणि टिप्याची रवानगी, हे पक्कं ठाऊक होतं. आंघोळ घालताना आईने पाहिलं आणि दोन्ही झालं. तेव्हा मुचकुंदीच्या खाडीवर पूल नव्हता. अण्णांनी टिप्याला होडीत घातलं आणि पलीकडे गावखडीला सोडून आले. मी पडवीतच बसून होतो. ‘नको’ एवढंही अण्णांसमोर तोंडातून निघालं नाही. आता पुलावरून जातो-येतो, पण तिकडे तांबडं कुत्रं दिसलं की गाडी हळू होते.

आणि गंमत बघ, पाळलेला कुत्रा चावला तर त्याला बांधून दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, माणसाची इंजेक्शनं मात्र थांबवायची नाहीत. म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची, त्यालाच आम्ही खाडीपार केलं! पोरं लपवतात ती सुईच्या भीतीने कमी, कुत्रा जाईल या भीतीने जास्त. तुझ्या पोराला पहिल्याच संध्याकाळी आईला सांगू दे. कुत्रा पडवीत बांधलेला, घरात कुणी धड जेवत नाही, आजी रोज लांबून त्याचं तोंड न्याहाळते, आणि दहा दिवस जायचेत. त्यात गोष्ट नाही होय? आता तर दंडात मोजकीच इंजेक्शनं घ्यावी लागतात, तेही लिही. आमच्या पोटाची कहाणी ऐकून पोरं अजून घाबरतात.

जरा कडक लिहिलं. रागावू नकोस. आपल्या घरात पुस्तक लिहिणारी तू पहिलीच, आणि आत्यासमोर मी चांगला मिरवलोय.

तूही पिल्लू पाळलंयस म्हणे. त्याला रेबीजची लस वेळच्या वेळी दे, आणि गणपतीला येशील तेव्हा त्याला कुणाकडे ठेवू नकोस, घेऊनच ये. काकू ‘घरात कुत्रं नको’ म्हणेल. तिचं मी बघतो.

तुझा,
काका