ऑप्शन फॉर्म भरण्याआधी कॉलेज बघून या : नाशिककरांसाठी खर्चाचा हिशेब

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी गेल्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफ उघडतात आणि पसंतीक्रम लावायला सुरुवात होते. त्या यादीतलं एकही कॉलेज मुलाने किंवा मुलीने पाहिलेलं नसतं. २०२५च्या इंजिनिअरिंग प्रवेशापासून हे फार महागात पडू शकतं. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते ऑटो फ्रीज होतं, म्हणजे तीच जागा पक्की धरली जाते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम. लागलेली जागा नाकारली तर पुढच्या फेऱ्या हातच्या गेल्या. म्हणून पहिल्या सहा क्रमांकांवर जे लिहाल ते डोळ्यांनी पाहिलेलं असू द्या. त्याखालच्या नावांसाठी पेट्रोल जाळायची गरज नाही.

सुरुवात गावातूनच करा. के. के. वाघ अमृतधामला, मविप्रचं केबीटी गंगापूर रोडला, भुजबळ नॉलेज सिटी आडगावला, संदीप फाउंडेशन त्र्यंबक रोडवर महिरावणीला. स्कूटर किंवा सिटीलिंक बसने ही फेरी अगदी थोडक्यात होते. मात्र रविवारी मोकळ्या रस्त्याने गाडी घेऊन जाऊ नका. मूल रोज ज्या वेळी आणि ज्या वाहनाने जाणार, तसंच जा. नाशिक रोडला राहणाऱ्या मुलीसाठी महिरावणी म्हणजे रोज अख्खं शहर ओलांडणं. कॉलेजची बस आहे का, तिची वर्षाची फी किती, ती सक्तीची आहे का, आणि प्रॅक्टिकल लांबलं तर शेवटची बस किती वाजता, हे तिथेच विचारा. ही फी चार वर्षं भरायची असते आणि घरच्या हिशेबात ती बहुतेक वेळा धरलेलीच नसते.

पुण्याला रेल्वेने जायचं तर वळसा पडतो, म्हणून एसटी बरी. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आत आहे. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. जानेवारी २०२५च्या वाढीनंतर साध्या बसला माणशी साडेतीनशेच्या घरात आणि वातानुकूलित बसला पाचशेच्या आसपास धरा. मार्च २०२३पासून महिलांना सगळ्या प्रकारच्या एसटीत निम्मं तिकीट आहे. त्यामुळे आई, बाबा आणि मुलगी असे तिघे साध्या बसने जाऊन-येऊन साधारण चौदाशेत होतात. आजी ६५ ते ७५ वयाची असेल तर तिलाही अर्धं तिकीट. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना तर तिकीटच नाही, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा. स्वतःची गाडी नेलीत तर शहरातलं फिरणं धरून साडेचारशे किलोमीटर होतात. पंधराचं ॲव्हरेज धरलं तरी पेट्रोल तीन हजारांवर जातं, वर शिंदे आणि हिवरगाव पावसाचा टोल. पाच जण असाल तर गाडी, तिघे असाल तर एसटी, असं माझं मत आहे. बस वाकडेवाडीला उतरवते. तिथून शिवाजीनगरचं सीओईपी रिक्षाने जवळ आहे. म्हणून पहाटेची बस धरून आधी सीओईपी पाहा, दुपारनंतर धनकवडीचं पीआयसीटी किंवा बिबवेवाडीचं व्हीआयटी. एका दिवसात दोनच कॉलेजं नीट पाहून होतात.

मुंबईला पंचवटी एक्स्प्रेस. सकाळी सातच्या सुमारास नाशिक रोडला बसलात की दादरला उतरून माटुंग्याचं व्हीजेटीआय आणि आयसीटी दोन्ही पाहून संध्याकाळच्या पंचवटीनेच परत. लॉजचा खर्च वाचतो. सिटिंगचं आरक्षण मात्र आधीच काढा. पासधारकांची गर्दी मोठी असते. दादरहून टॅक्सी शंभराच्या आत पोचवते.

तिथे गेल्यावर इमारतीच्या काचा पाहून भारावून जाऊ नका. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. तो आकडा मागून घ्या. शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगळे लिहून घ्या. मग कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला चहा पाजा आणि फीची खरी पावती मोबाइलवर दाखवशील का, असं विचारा. खालच्या ओळी बघा : ट्रेनिंग, युनिफॉर्म, ग्रंथालयाचं डिपॉझिट, ‘इतर’. प्राधिकरणाच्या आकड्यावर प्रत्यक्षात किती चढतं ते त्या पावतीत कळतं. वर्कशॉपमध्येही डोकवा. लेथखाली ताजा किस पडलेला असेल, चकवर तेल असेल, तर मशीन चालतं. प्लॅस्टिकचं आवरणही न निघालेलं मशीन पाहुण्यांना दाखवण्यापुरतंच असतं.

बाहेरगावी शिकायचं असेल तर त्याच फेरीत हॉस्टेलही पाहा. पहिल्या वर्षानंतर खोली मिळते का? मिळत नसेल तर जवळच्या गल्लीत कॉट बेसिसवर खोल्या असतात. डिपॉझिट, लाईट बिल आणि सुट्टीतलं भाडं, तिन्ही विचारा. दुपारचं जेवण मेसमध्येच कूपन काढून जेवा, बाहेरच्या हॉटेलात नको. मूल महिनोन्‌महिने तेच खाणार आहे. अर्धा तास मुलीला एकटीला सीनिअर मुलींबरोबर सोडा. आईबापांसमोर निघत नाहीत असे प्रश्न तेव्हा निघतात.

सवलतीचा हिशेब जायच्या आधी मांडा. २०२४-२५पासून, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्याच उत्पन्न मर्यादेत खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. पण विकास शुल्क, हॉस्टेल, मेस आणि बस आपल्याच खिशातून. आणि प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. ऑफिसात कुणी ‘मॅनेजमेंटची जागा आत्ता बुक करा’ म्हणाला आणि तुम्ही ती घेतलीत तर ही माफी जाते, हे लक्षात ठेवा. पावतीशिवाय पैसे मागितले तर सरळ उठा. देणगी घेऊन प्रवेश देण्यावर महाराष्ट्रात १९८७पासून कायद्याने बंदी आहे.

मूळ कागदपत्रं कुणाच्या हाती ठेवून येऊ नका. पाहायला आलेल्याकडून ती मागायचं कारणच नाही. पुढे प्रवेश घेऊन मन बदललं, तर ठरलेल्या तारखेच्या आत रद्द केल्यास जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी फी परत द्यावी लागते. ती तारीख प्रवेशाच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहा.