अनिश्चित काळातील मुले आणि सजगतेचा अभ्यास

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे देशभरातील शाळा बंद झाल्या. शाळा पुन्हा केव्हा उघडेल, आजोबा रुग्णालयातून परत येतील काय, वडिलांचे काम टिकेल काय, या मुलांच्या प्रश्नांना घरातील कोणापाशीही निश्चित उत्तर नव्हते. साथ असो, पूर असो वा भूकंप, अशा काळात मूल आपली भीती क्वचितच शब्दांत सांगते. ते पोट दुखते म्हणते, रात्री दचकून उठते, क्षुल्लक कारणावरून चिडते किंवा आईचा पदर सोडीत नाही. या वागण्याला हट्ट समजणे ही मोठ्यांची पहिली चूक होय.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना अ‍ॅना फ्रॉइड आणि डॉरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड येथे बालगृहे चालविली. तेथील लहान मुलांना बॉम्बच्या आवाजापेक्षा आईचा वियोग अधिक असह्य होतो, असे त्यांना आढळले. आई शांत असेल तर मूलही बव्हंशी शांत राही. ती घाबरलेली असेल तर तिची भीती मुलात उतरे. म्हणून मुलाला शांत करण्याचा आरंभ मोठ्यांनी स्वतःपासून करावयास हवा.

या कामी सजगतेचा अभ्यास उपयोगी पडू शकतो. सजगता म्हणजे या क्षणी जे घडत आहे, त्याकडे बरे-वाईट न ठरवता लक्ष देणे. तिचे मूळ बौद्ध परंपरेतील आनापानसतीत, म्हणजे श्वासाच्या स्मृतीत आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत तिला रुग्णोपचाराची जोड दिली. भीतीने हृदयाची गती वाढते व श्वास उथळ होतो. उच्छ्वास सावकाश, लांबवून सोडला असता ही गती मंदावते. मनाला आज्ञा देऊन ते शांत होत नाही. परंतु श्वास काही अंशी आपल्या स्वाधीन असतो.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला उताणे निजवून त्याच्या पोटावर एखादे हलके खेळणे ठेवावे आणि ते कसे वर-खाली होते, हे त्याला पाहू द्यावे. त्याहून मोठ्या मुलांना घंटेचा नाद पूर्णपणे विरेपर्यंत ऐकण्यास सांगावे. दोन-तीन मिनिटे पुरेत. मन भरकटले तर रागावू नये. ते भरकटल्याचे ध्यानात येणे हाच अभ्यास होय. डोळे मिटण्याची सक्ती करू नये, कारण भयभीत मुलाला मिटल्या डोळ्यांपुढे तेच दृश्य पुन्हा दिसण्याचा संभव असतो.

दिल्लीच्या सरकारी शाळांत जुलै २०१८ मध्ये बालवर्गापासून आठवीपर्यंत आनंदाचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात अशा अभ्यासाला स्थान देण्यात आले. तथापि या साधनाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. ब्रिटनमधील आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षकांनी वर्गात दिलेल्या सजगतेच्या पाठांमुळे, नेहमीच्या शिक्षणाच्या तुलनेत, मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात अधिक सुधारणा झाली नाही. बहुतेक मुलांनी घरी हा अभ्यास फारसा केलाच नव्हता. वेळापत्रकात तास घातल्याने शांती येत नाही, एवढा बोध यातून घ्यावयास हरकत नाही.

म्हणून मुलाला गप्प करण्यासाठी किंवा शिक्षा म्हणून हा अभ्यास कधीही देऊ नये. प्रथम त्याचा प्रश्न ऐकावा, ठाऊक असेल तेवढे खरे सांगावे, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणावे. जेवणाच्या, निजण्याच्या वेळा शक्यतो मोडू नयेत. त्यानंतर मुलाशेजारी बसून मोठ्यांनीही श्वासाकडे लक्ष द्यावे. काही आठवडे लोटूनही झोप, भूक वा बोलणे पूर्ववत न झाल्यास डॉक्टरांचा सल्ला घेण्यास विलंब करू नये.